मार्चच्या कप्प्यातलं कार्ड

९ फेब्रुवारी

मावशी,

काल आईला पत्र आलं.

खालच्या पेटीत विजेच्या बिलामागे होतं. लांबट पांढरा लिफाफा, कोपऱ्यात तुझ्या जुन्या, बायकांच्या दवाखान्याचा शिक्का, मधोमध आईचं पूर्ण नाव. मी जिन्यातच उघडलं. आत दवाखान्याचं चार पानी बातमीपत्र आहे. बुधवारी दुपारी पाळी थांबण्याच्या वयातल्या बायकांसाठी वेगळ्या डॉक्टर बसणार आहेत. सोनोग्राफीची खोली दुसऱ्या मजल्यावर गेली. पुढच्या पायऱ्यांचं काम चालू आहे, तेव्हा दिवस भरत आलेल्या बायकांनी मागच्या दाराने यावं. शेवटचं पान गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर आहे. वेळेत कळला तर बरा होतो, असं लिहिलंय. 'वेळेत' ठळक छापलंय.

बातमीपत्राला एक चिठ्ठी टाचलेली. 'आपली तीन वर्षांची तपासणी ११ मार्च रोजी सकाळी साडेदहा वाजता ठरवली आहे. येताना एखाद्या मैत्रिणीलाही घेऊन या.'

आईला जाऊन दहा वर्षं झाली. जिवंतपणी तिला कुठे वेळेवर पोचल्याचं मला आठवत नाही. आता तिची वेळ राखून ठेवलीय. मला आधी हसू आलं. मग मी चिठ्ठी फ्रिजवर लावली, चुंबकाखाली, जिथे ती तिच्या सगळ्या तारखा लावायची. का लावली ते सांगता येणार नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे मला ओरडून विचारायचं नाही, म्हणून लिहितेय. सव्वीस वर्षं तू त्या नोंदणीच्या खोलीत काढलीस. मेलेल्या बाईला पत्र कोण पाठवतं?

मी ठीक आहे. बाजारातले सगळे वजनकाटे मार्चअखेर तपासून शिक्के मारायचेत, उसंत नाही. थोडी थकते. चाळीस हे थकायचं वय नव्हे, हे तू लिहू नकोस, मीच लिहिलं.

मुंगी


१६ फेब्रुवारी

मुंगे,

पत्र शनिवारी पोचलं. चिठ्ठी फ्रिजवरून काढ आणि फाडून टाक.

यात काही गूढ नाही. आमचं ते लाकडी कपाट तुला आठवत असेल. तीन खण, एका वर्षाला एक, खणात बारा कप्पे. बाई तपासून गेली की तिचं कार्ड तीन वर्षं पुढच्या त्याच महिन्यात ठेवायचं. तो महिना आला की कप्प्यातली कार्डं काढून पत्रं पाठवायची. बाई आली नाही तर आणखी दोन पत्रं. तरीही नाही आली तर कार्डाच्या पाठीवर कारण लिहून ते बंद करायचं. तू टेबलाखाली बसून कार्डं एकामागे एक लावायचीस, म्हणून तर मोठ्या सिस्टरनी तुला मुंगी नाव ठेवलं. एकदा सगळा जून तू जुलैत नेऊन ठेवला होतास. बायका महिनाभर उशिरा आल्या आणि शिव्या मी खाल्ल्या.

ताईचं कार्ड बंद करायचं राहिलं असेल. माझ्या जागी नवी मुलगी आहे. कप्प्यात जे दिसेल ते पाठवते. तिचा दोष नाही.

आता मला एक सांग. त्या बातमीपत्राचं शेवटचं पान तू वाचलंस. तू स्वतः शेवटचं कधी तपासून घेतलंस? दुकानदाराचा काटा एक दिवस उशिरा आला तरी त्याला खडसावतेस. तुझ्यावर कोणाचा शिक्का आहे? हे दुखणं आईकडून मुलीकडे येतंच असं नाही, तेव्हा ती भीती बाळगू नकोस. आणि येत नाही म्हणून निवांतही बसू नकोस. ते कोणालाही होतं. तपासायला पाच मिनिटं लागतात. दुखत नाही, नकोसं वाटतं, एवढंच.

मी बरी आहे. डाव्या कानाने आता पूर्ण रजा घेतली.

मावशी


२५ फेब्रुवारी

मावशी,

चिठ्ठी फाडली नाही.

काटा चुकीचं वजन दाखवू लागला की मी दुकानदाराला पहिल्यांदा विचारते, कधीपासून. तोच प्रश्न मी या चिठ्ठीला विचारला. आईची तपासणी झाली बारा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये. तू म्हणतेस तसं कार्ड बंद करायचं राहिलं असेल, तर नऊ वर्षांपूर्वी एक पत्र यायला हवं होतं, सहा वर्षांपूर्वी एक, तीन वर्षांपूर्वी एक. मी या घरातून हललेली नाही. पेटी मीच उघडते. एकही आलं नाही. तू निवृत्त झाल्यावर जे पहिलं पत्र निघायचं, तेवढं आलं.

मी तुझ्यावर आरोप करत नाही. मला फक्त काटा कुठे अडतो ते कळत नाही.

चिठ्ठी आल्यापासून मला तो उन्हाळा आठवतोय. तपासणी करून आल्यावर आई रोज दुपारी जिना उतरून पेटीपर्यंत जायची. एप्रिल गेला, मे गेला. मी एकदा म्हटलं, दवाखान्यात जाऊन विचार की. ती म्हणाली, "पत्र आलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे. तुझी मावशी तिथे बसलीय. काही असतं तर ती पळत आली असती." आणि ती वर येऊन पंख्याखाली बसली, अगदी निश्चिंत. पत्र ऑगस्टमध्ये आलं.

ते इतक्या उशिरा का आलं, हे मी कधी विचारलं नाही. तुला माहीत आहे का?

हल्ली जिना चढताना मी मधल्या वळणावर थांबते, ती थांबायची तिथेच. कठड्याचा रंग तिच्या हातानं गेलाय. माझा हात बरोबर तिथेच पडतो.

मुंगी


४ मार्च

मुंगे,

ताई पंख्याखाली बसून काय म्हणाली ते मला माहीत नव्हतं. तू ते लिहायला नको होतंस. किंवा दहा वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

तुझा हिशेब बरोबर आहे. कार्ड राहून गेलं नाही. मी ठेवलं.

ती गेली त्यानंतरच्या मार्चमध्ये तिचं कार्ड वर आलं. बंद करायचं तर पाठीवर कारण लिहावं लागतं. चारच कारणं आम्ही लिहायचो. गाव सोडलं. दुसरीकडे तपासते. नको म्हणते. मृत. दिवसाला तीन-चार कार्डांवर मी ते चौथं लिहायचे, चहा पीत लिहायचे. तिच्या कार्डावर पेन टेकवलं आणि उचललं. पत्र पाठवलं नाही, कारण लिहिलं नाही, कार्ड तीन वर्षं पुढे ठेवून दिलं. पुढच्या वेळी तसंच. निवृत्त होण्याच्या आठवड्यात पुन्हा तसंच. तिथे ती अजून यायची होती. दवाखान्याच्या लेखी ती फक्त पुढच्या मार्चमध्ये होती.

मूर्खपणा आहे. सव्वीस वर्षं काम केलेल्या बाईला शोभत नाही. माझ्या हातून निसटून ते तुझ्या पेटीत पडेल असा विचार मी केला नाही.

आज सकाळी दवाखान्याला पत्र टाकलं. ताईचं नाव, कार्डाचा नंबर, आणि ते कारण. मुलीला विनंती केली की कार्ड लगेच बंद कर. यापुढे तुला त्रास होणार नाही.

पत्र उशिरा का आलं ते विचारलंस. त्या काळी कामाचा गोंधळ होता. दोघींच्या जागी मी एकटी होते.

तू तुझ्या नावाने वेळ घे. उत्तरात तारीख कळव.

मावशी


१३ मार्च

आदरणीय बाई,

आपलं पत्र काल मिळालं. वाचून वाईट वाटलं. आपल्या भगिनींचं कार्ड आजच बंद केलं आहे. यापुढे त्या नावाने दवाखान्यातून काही जाणार नाही, याची मी स्वतः काळजी घेईन. घरच्यांना जो त्रास झाला त्याबद्दल माफी मागते.

आपण घालून दिलेल्या पद्धतीच आम्ही अजून चालवतो. बंद कार्डाच्या नावाने चुकून प्रयोगशाळेतून काही आलंच, तर ते न उघडता तळघरात जातं आणि वर्षअखेरीस नष्ट होतं. गेलेल्या बाईचं कोणी वाचू नये, हे आपलं वाक्य मोठ्या सिस्टर अजून सांगतात.

एक किरकोळ गोष्ट, नोंद असावी म्हणून कळवते. अकरा तारखेच्या यादीत आपल्या भगिनींच्या नावापुढे 'हजर' अशी खूण आहे. काउंटरवरच्या बाई म्हणतात, त्यांना काही आठवत नाही. चुकून दुसऱ्याच ओळीवर खूण झाली असावी. मी ती खोडली आहे.

कधी इकडे आलात तर खोलीत जरूर या. कपाट तेच आहे. तिसरा खण अजून अडकतो.

नोंदणी विभाग


२१ मार्च

मावशी,

मी जाऊन आले. अकरा तारखेला, साडेदहाला.

तुझ्या पत्रामुळे आधी राग आला. मग वाटलं, चिठ्ठी मीच नेऊन परत द्यावी आणि तोंडानं सांगावं की ती नाहीये. म्हणून गेले. काउंटरवरच्या बाईनं चिठ्ठी हातातून घेतली, यादीवर खूण केली आणि वर न बघता म्हणाली, बसा, हाक मारतील. मी बसले. बाकावर सहा बायका होत्या. समोर पायऱ्यांवर फरशी कापायचं यंत्र चालू होतं, ते थांबलं की उठून सांगू असं ठरवलं. यंत्र थांबलं आणि आईच्या नावाची हाक आली.

मावशी, ते नाव दहा वर्षांत कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. मी उठले. दुसरं कोणी उठणारं नव्हतं.

आतल्या नर्सनं कार्डावरचं जन्मवर्ष पाहिलं, मग मला पाहिलं. "त्रेसष्टच्या वाटत नाही हो. काय लावता चेहऱ्याला?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, सगळ्या असंच म्हणतात, कोणी मेली सांगत नाही. मग कागद पुढे ओढून विचारलं, पाळी थांबून किती वर्षं झाली. मी म्हटलं, दहा. हे खोटं नव्हतं. आईचं सगळंच दहा वर्षांपूर्वी थांबलं.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. नोव्हेंबरपासून मला दोन पाळ्यांच्या मधे रक्त जातं. थोडंच. मी कामाला दोष दिला, पिशवीतल्या वजनांना दिला, जिन्याला दिला. तू विचारलंस तेव्हा उत्तर टाळलं. माझ्या नावानं त्या टेबलावर पडायची मला भीती वाटत होती. आईच्या नावानं वाटली नाही. तिला जे व्हायचं ते होऊन गेलंय, तिला आणखी काय होणार. छताला एक डाग आहे, खुर्चीसारखा. तिनंही तोच पाहिला असेल. मी अगदी शांत पडून राहिले. पाच मिनिटं लागली, तू म्हणतेस तशी.

निघताना नर्सनं दंडावर थोपटलं. म्हणाली, तीन आठवड्यांत कळेल, बाई.

बाहेर आल्यावर पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की चपला घालताना मी भिंतीला हात टेकला. आई टेकायची. मी कधी टेकत नव्हते.

रागावू नकोस. पत्र आलं की कळवते.

मुंगी


९ एप्रिल

मावशी,

तुझं उत्तर नाही. रागावलीस का? कान बरा नसेल तर तसं लिही.

चार आठवडे होऊन गेले. पेटीत काही नाही. रोज दुपारी सुट्टीत येऊन बघते. पत्र आलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे. असंच असतं ना? रक्त अजून जातं, पण थकव्याचंच असेल.

उद्यापासून बाहेरगावच्या बाजारांचा दौरा आहे. गुरुवारी परत येईन. नंतर हा विषय बंद करू. आईचं कार्डही बंद झालंय आता.

मुंगी


१४ एप्रिल, तुमच्या स्वयंपाकघरातून

मुंगे,

लिफाफा सापडला. त्यात काय आहे ते आधी सांगते, बाकीचं मागून. मी एकदा थांबले होते.

तुझ्या गर्भाशयाच्या मुखाजवळच्या पेशी बदललेल्या आहेत. डॉक्टरांना मी भेटले. त्या म्हणाल्या, कॅन्सर आहे असं या कागदावरून दिसत नाही, पण दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय नक्की सांगणार नाही. बदल कोवळे असले तर तेवढा भाग काढून टाकतात आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. मधे रक्त जातं हे मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी वेळ अलीकडे घेतली. २२ तारीख, सकाळी नऊ. तुझ्या नावाने. तुझं कार्ड मी भरलं. जन्मवर्ष खरं लिहिलंय.

आता बाकीचं. तू आलीस की मी या घरातच असेन, पण तोंडानं सांगताना मी यातलं काही गाळीन. म्हणून लिहून टेबलावर ठेवते.

मार्चमध्ये नोंदणीच्या मुलीचं पत्र आलं. कार्ड बंद केलं, असं. आणि अकरा तारखेला ताईच्या नावापुढे 'हजर' अशी खूण आहे, असं. तुझं पत्र तोवर आलं नव्हतं. मी ते वाचलं आणि मला वाटलं, ती आली. खरंच असं वाटलं. मी तिला बंद करायला पत्र टाकलं आणि ती उठून आली, साडेदहाला, वेळेवर. त्यानंतर मी खाली पेटीपर्यंत गेले नाही. पंचवीस दिवस. वरच्या मजल्यावरच्या बाई दोनदा म्हणाल्या, तुमची पेटी भरलीय हो. मी ऐकू न आल्यासारखं केलं, त्याची मला आता सवय आहे. काल त्यांनी सगळं आणून हातात दिलं. तुझी दोन्ही पत्रं मी एकदमच वाचली. आज पहाटेच्या बसने निघाले.

असं न उघडणं मी आधीही केलं आहे.

नोंदणीच्या खोलीत भिंतीवर एक नियम आहे, तू लहानपणी वाचून दाखवायचीस. नात्यातल्या बाईचा लिफाफा आपण उघडायचा नाही, दुसरीच्या ट्रेमध्ये ठेवायचा. तो मी लिहिला. आमच्यातल्या एकीनं नणंदेचा कागद वाचून घरी सांगितला होता आणि त्या पोरीचे हाल झाले. नियम चांगला आहे. त्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ताईचा लिफाफा आला. ठीक असलं की आत एकच कागद असतो. नसलं की दोन, दुसरा पुढच्या तपासणीचा. मी आयुष्यभर ते लिफाफे हाताळले. उघडावं लागत नाही. बोटांना कळतं.

बोटांना कळलं, मुंगे. मी तो दुसरीच्या ट्रेमध्ये ठेवला. त्या दुसरीचा नववा महिना भरत आला होता. सोमवारी येते म्हणाली आणि रविवारीच बाळंत झाली. तिचा ट्रे कोणीतरी उचलून तिच्या टेबलाच्या खणात ठेवला. ऑगस्टमध्ये ती परत आली तोवर तो खण बंद होता. किल्ली माझ्या कंबरेला होती.

कामाचा गोंधळ होता, असं तुला लिहिलं. गोंधळ नव्हता. मी रोज त्या खणाजवळून जायचे. रोज ठरवायचे, आज मोठ्या सिस्टरना सांगू. न उघडलेल्या लिफाफ्यात ताई अजून ठीक होती. आणि नियम माझ्या बाजूने होता. शनिवारी मी तुमच्याकडे जेवायला यायचे तेव्हा ती विचारायची, काही आलं का गं माझं? मी म्हणायचे, नाही. ती म्हणायची, मग ठीक आहे. पत्र येतंच, मुंगे. चांगलं असलं तरी येतं, वाईट असलं तरी येतं. न येणं म्हणजे ठीक, असं कधीच नव्हतं. हे एक वाक्य मी तिला सांगितलं नाही. काल तुझ्या पत्रात तेच वाचलं.

पाच महिन्यांनी तिचं काय बदललं असतं ते मला माहीत नाही. मी कोणा डॉक्टरला विचारलं नाही. तेही उघडलं नाही.

आज नोंदणीची मुलगी आधी तयार होईना. एप्रिलचे बंद कागद तळघरात गेले होते, पोत्यात. मी म्हटलं, दिवा लाव. आम्ही दोघी जमिनीवर बसून शोधत होतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. ताईचं नाव मला मिळालं. हातात घेतला आणि बोटांना पुन्हा कळलं.

मुलगी म्हणाली, "नात्यातला आहे ना, बाई? नियम आहे. मला द्या."

मी म्हटलं, "तो मीच लिहिला." आणि उघडला.

वर येऊन ताईचं कार्ड मागितलं. मुलीनं बंद केलं होतं, पण कारणाची जागा माझ्यासाठी रिकामी ठेवली होती. का ते तिला सांगता आलं नाही. मी लिहिलं. दोन अक्षरं आहेत.

शेजारीण म्हणाली, तू गुरुवारी येतेस. ताईची किल्ली माझ्याकडे होतीच. आल्यावर काय बोलायचं, की नाहीच बोलायचं, ते तू ठरव. २२ तारखेला मात्र तू जायचंस. मी नको असेन तर शेजारणीला ने.

मावशी


२४ नोव्हेंबर

मावशी,

काल मला पत्र आलं.

पेटीत हात घातला तेव्हा वर माझं नाव दिसलं, तरी मी दोनदा वाचलं. मग जिन्यात वळणावर थांबून लिफाफा दोन बोटांत धरला. तू लिहिल्यापासून मला तसं केल्याशिवाय उघडता येत नाही. पातळ होता. एकच कागद. मे महिन्यात काढलेल्या भागानंतरची पहिली तपासणी, ठीक आहे. पुढची सहा महिन्यांनी. रक्त थांबून बरेच दिवस झाले.

एप्रिलमध्ये मी तुला बसपर्यंत सोडायला आले नाही आणि नंतर लिहिलं नाही. लिहायला बसले होते, बऱ्याचदा. काट्यावर वजन ठेवलं की तो लगेच वाचायचा नसतो, हलायचा थांबेपर्यंत थांबायचं असतं. हा अजून थांबलेला नाही. आईनं तुला विचारलं आणि तू नाही म्हणालीस, हे मी भांडी घासताना ऐकते. आणि तू तळघरात जमिनीवर बसलेली असतेस, हेही दिसतं. दोन्ही एकाच पारड्यात ठेवता येत नाहीत. थांबला की सांगेन. कदाचित थांबणार नाही.

पत्राबरोबर बातमीपत्र होतं. पायऱ्या झाल्या. बुधवारच्या डॉक्टर आता सकाळीही बसतात. आणि शेवटी तेच, मैत्रिणीला घेऊन या.

मी कागद घेऊन नोंदणीच्या खोलीत गेले. मुलीनं तिन्ही खण काढून शोधलं, मग बंद कार्डांत शोधलं. तुझं कार्ड नाही. कधीच नव्हतं. सव्वीस वर्षं तू सगळ्या गावाला पत्रं पाठवलीस. मुलीला वाटलं मी रागावेन. मला हसू आलं, आणि ते लवकर थांबेना.

तुझं कार्ड मी भरलंय. ९ डिसेंबर, सकाळी साडेदहा. आदल्या दिवशी ये, आईच्या खोलीत झोप. नर्स चेहऱ्याला काय लावता विचारेल. काही नाही म्हण.

उत्तरासाठी पत्ता माझा दिलाय. जाड असो की पातळ, मी उघडीन.

मुंगी